वाडीच्या ग्रुपवर दिल्लीचं भांडण, ॲडमिनने करायचं काय?

ताई नमस्कार,

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतला. पन्नासेक घरं, त्यातली निम्मी बंद, चतुर्थी आणि शिमग्यालाच उघडणारी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, मुंबईहून कोण येतोय, शाळेत कोणाला ठेवलंय, रेशन कधी मिळणार हे सगळ्यांना कळावं म्हणून. तेव्हा खूप उपयोग झाला. आता सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं मोदी आणि राहुल. आमचे रिटायर गुरुजी पहाटे पाचला लांबलचक फॉरवर्ड टाकतात, माझा चुलतभाऊ भांडुपहून त्याला उत्तरं देतो. गेल्या महिन्यात दोघांची रात्री साडेअकरापर्यंत जुंपली. भावाने गुरुजींना देशद्रोही लिहिलं, गुरुजींनी "तुला शिकवलं ते पाण्यात गेलं" असं लिहून ग्रुप सोडला. त्याच गोंधळात खालच्या घरातल्या वहिनींनी पऱ्यावरच्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, फळी निघाल्याचा फोटो टाकला होता, तो कोणी बघितलाच नाही, आणि पहाटे दूध घालायला जाणारा पोरगा बाईकसकट पऱ्यात गेला, हात मोडला. आता चतुर्थी महिन्यावर आली. गुरुजी आमच्या भजनाचे बुवा, पेटी त्यांचीच, आणि आरत्या सुरू होतात भावाच्या घरापासून, ते मूळ घर. गुरुजी म्हणतात त्या घराची पायरी चढणार नाही. वर एकजण म्हणतोय ॲडमिनवरच केस टाकतो. ग्रुप बंद करू, की राजकारण बंद असा नियम करू? गुरुजींना परत ॲड करू का?

– वैतागलेला ॲडमिन

अरे ॲडमिनभाऊ,

पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि एक गोष्ट खटकली ती आधीच बोलून टाकते. गुरुजी काय म्हणाले, भाऊ काय म्हणाला, कोण लेफ्ट झालं, कोण केस टाकणार, सगळं सांगितलंस, पण त्या पोराचा हात आता कसा आहे आणि साकवाची फळी बसली की नाही हे कुठेच नाही. म्हणजे बघ, भांडणाने तुझंही डोकं तिकडेच नेलंय. तेव्हा हे वाचून झालं की फोन ठेव आणि साकवावर जाऊन ये. फळी अजून नसेल तर दोन्ही तोंडांना आडव्या काठ्या बांध, काळोखात येणाऱ्याला दिसेल असं काहीतरी पांढरं फडकं लाव, ग्रामपंचायत करेल तेव्हा करेल. येताना त्या पोराच्या घरी डोकावून ये, रिकाम्या हाताने नको.

केसचं पहिलं उरकू, कारण त्या भीतीने तुला बाकी काही सुचत नसणार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलंय की ग्रुपवर एखाद्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही, त्याचं त्या माणसाशी आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. साधं आहे ना, तू माणसं घेणार आणि काढणार, कोण रात्री साडेअकराला काय टाईप करणार हे तुला आधी कसं कळणार. म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. पण याचा अर्थ हात वर करून बसायचं असाही नाही हं. जातीधर्मावरून पेटवणारं काही आलं, कोणाच्या घरातल्या बाईबद्दल घाण आलं, तर दिसल्या क्षणी काढायचं, ॲडमिनला आता कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्याला विचारत बसायची गरज नाही. आणि खरोखरची नोटीस आलीच तर राजापुरातला वकील गाठ, तेव्हा माझं सदर वाचत बसू नकोस.

आता मुख्य प्रश्न. राजकारण बंद असा नियम करू का? नको करू.

हा नियम मी वाड्यांच्या ग्रुपवर बघितलाय, सोसायट्यांच्या बघितलाय, महिला मंडळाच्या पण बघितलाय आणि सगळीकडे त्याचं एकच होतं. ज्याचं मत बऱ्याच जणांना पटतं त्याची पोस्ट माहिती ठरते आणि ज्याचं पटत नाही त्याची पोस्ट राजकारण ठरते. नव्या रस्त्याचा फोटो टाकला तर विकास, त्याच रस्त्यावरच्या खड्ड्याचा टाकला की "भाऊ इथे राजकारण नको". दुसऱ्या बाजूचं बहुमत असेल तिथे बरोबर उलटं चालतं, त्यात कोणी कोणाला हसायला नको. मग दर पोस्टला तू बसून निवाडा करणार, हे राजकारण आणि हे नाही, आणि मत तुलाही आहेच की, तू काय आभाळातून पडलायस? दोन महिन्यांत तूच एका पार्टीचा ठरशील.

आणि मुळात तू राहतोस राजापूर तालुक्यात! इथे राजकारण बंद म्हणजे तोंड बंद. माडबनचा अणुऊर्जा प्रकल्प, मग नाणारची रिफायनरी, तिची 2017 ची अधिसूचना 2019 ला रद्द झाली, मग तीच रिफायनरी बारसूला न्यायचं ठरलं आणि एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्तात गाड्या आल्या. हे सगळं दिल्ली-मुंबईत ठरलं पण आलं ते तुमच्या सड्यावर, त्याच सड्यावर जिथल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये गेलं. तुमच्या वाडीत पण त्यावरून दोन तट असणार, एकाला पोराच्या नोकरीची आशा, दुसऱ्याला कलमांची काळजी, आणि दोघांचंही खोटं नाही. त्या माणसांना तू कुठल्या तोंडाने सांगणार की राजकारण ग्रुपवर नको, पूजेची वर्गणी तेवढी टाका?

तुमची खरी अडचण राजकारण ही नाहीच. अडचण ही आहे की तुमच्या ग्रुपवरची दिल्ली वाडीला कुठेच लागत नाही. गुरुजी आणि भाऊ तासन्‌तास ज्यावर भांडले त्यातली एक तरी गोष्ट तुमच्या पाखाडीवर, विहिरीवर, साकवावर उतरली का? मला वाटतं नाही. सगळं टीव्हीवरचं उचललेलं, रात्री स्टुडिओत जे भांडले तेच सकाळी वाडीत.

म्हणून नियम करायचाच तर हा कर: दिल्लीवर बोलायचं, खुशाल बोलायचं, पण निघायचं वाडीतून. म्हणजे कसं ते सांगते, कारण नुसता नियम लिहून टाकलास तर सगळे खाली अंगठ्याची इमोजी टाकतील आणि परत तेच सुरू.

नळाचं घे. जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून झाली, 2024 पर्यंत गावातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. आपल्या राज्यात पैसा निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. 2024 गेलं, मग 2025 च्या बजेटमध्ये मुदत 2028 पर्यंत वाढवली. आता तुमच्या वाडीत एक तर नळ येऊन पाणी येत असेल, नाहीतर टाकी बांधून रंगवून झाली आणि मार्चनंतर विहीरच आटते, नाहीतर पाईप अजून गडग्याच्या कडेला पडलेत आणि त्यात सरडे राहतायत. तिन्ही प्रकार मी कोकणात बघितलेत. आता भावाला म्हण, तुझं सरकार चांगलं ना, बरं, मग आपल्या नळाचं काय झालं ते सांग. गुरुजींना म्हण, सरकार वाईट ना, बरं, मग ही योजना राज्याकडे अडली, केंद्राकडे अडली, ठेकेदाराकडे अडली की आपल्याच ग्रामपंचायतीच्या कपाटात, ते शोधून सांगा. बघ किती जणांना दुसरी ओळ लिहिता येते. ज्याला येते तो खरा राजकारण कळणारा, त्याचं ऐका, मग तो कुठल्याही पार्टीचा असो.

किंवा मासळीचं. तुमच्या वाडीतलं कोणी साखरीनाट्याला लाँचवर जात असेलच. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो, त्यापुढे केंद्राचा. 1 जून ते 31 जुलै पावसाळी बंदी. एलईडी लाईट लावून मासे पकडायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आणि तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात म्हणून छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत. आता ह्यात दोष कोणाचा, गस्त कोणी घालायची, 12 मैलांच्या अलीकडे दिवा दिसला तर फोन कोणाला आणि पलीकडे दिसला तर कोणाला, हा प्रश्न एकदम मतदानाच्या कामाचा आहे, आणि बांगडा बाजारात महाग का झाला त्याच्याही. यावर भांडलात तर मी म्हणेन भांडा.

हायवेचं तर बोलायलाच नको. 66 नंबरचा, आपला मुंबई-गोवा, चौपदरीकरणाचं काम सुरू होऊन 2011 पासून किती निवडणुका झाल्या, किती मंत्री झाले, सगळ्या पार्ट्यांनी त्यावर भाषणं केली. भाऊ भांडुपहून त्याच रस्त्याने येणार आहे ना? मग त्याच्याकडे अनुभव आहे, मत आहे, फोटो आहेत. टाकू दे.

तुम्हाला हे काही नवीन नाही खरं तर. जुन्या राजापूर मतदारसंघाने 1957 पासून नाथ पै आणि त्यांच्यानंतर 1971 पासून मधु दंडवते दिल्लीला पाठवले, दोघंही समाजवादी, दिल्लीतल्या सत्तेच्या विरुद्ध बोलणारे. तेव्हा पण वाडीत काँग्रेसवाले होतेच, ओटीवर बसून तंबाखू मळत कडाक्याची भांडणं होत होती. पण त्या सगळ्यात एक मागणी होती जी प्रत्येकाला आपल्या घरापर्यंत दिसत होती, ती म्हणजे रेल्वे. 1990 ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री, पुढे श्रीधरन साहेबांनी डोंगर फोडून ती बांधली आणि 26 जानेवारी 1998 पासून अख्ख्या मार्गावर गाड्या सुरू झाल्या. त्यातही कोणाच्या कलमांच्या बागा गेल्या, कोणाला मोबदला कमी वाटला, त्यावर पण वाद झाले. होऊ देत. पण तो वाद आपल्या जमिनीवरचा होता, दुसऱ्या कोणाचा उचलून आणलेला नव्हता.

आता मुंबईकर आणि गाववाले ह्यावर थोडं, कारण तुझ्या पत्रात ते मधे मधे डोकावतंय पण तू सरळ लिहिलं नाहीस. भाऊ संध्याकाळी लोकलमध्ये उभा असतो, हातात फोन, ऑफिसचा वैताग डोक्यात, तासभर करायला दुसरं काही नाही. गावातला माणूस त्याच वेळी लावणी करून चिखलाने भरून आलेला, लाईट गेलेली, रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात, ती पण वारा सुटला की जाते. म्हणून ग्रुपवर आवाज मुंबईचा मोठा आणि गावचे लोक गप्प, आणि गप्प आहेत म्हणजे त्यांना पटतंय असं मुंबईकरांना वाटतं. पटत नसतं बऱ्याचदा. भावाचं मतदान भांडुपच्या यादीत असेल तर ग्रामपंचायतीने काय करावं हे तो सुचवू शकतो, ठरवू शकत नाही, हे त्याला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं. पण उलट बाजूने "तू मुंबईत बसून आम्हाला शिकवू नको" हे वाक्य पण ग्रुपवर चालू देऊ नकोस हं. देवळावरचा पत्रा, शाळेतला टीव्ही, बोअरवेलचा पंप ह्यात मुंबई मंडळाचा पैसा असतो, बंद घराची घरपट्टी तो भरतो, आणि त्याच्या आधीच्या पिढीच्या गिरणीतल्या मनीऑर्डरवर इथल्या चुली पेटल्यात.

बरं, आता ग्रुपची दुरुस्ती. बंद करू नकोस. दोन ग्रुप कर. एक सूचनांचा: पाणी, लाईट, रस्ता, साकव, मयत, आजारपण, एसटी, बिबट्या. दुसरा गजालींचा, तिथे राजकारण, क्रिकेट, जुने फोटो, काय ते. ज्याला दुसरा नको त्याने त्यात येऊ नये, त्याला कोणी शिष्ट म्हणायचं नाही.

पण एक लक्षात घे, सूचनांच्या ग्रुपला "फक्त ॲडमिन लिहू शकतात" असं सेटिंग लावून तू एकटाच ॲडमिन राहिलास तर त्या वहिनींचा फोटो पुढच्या वेळी ग्रुपवर येणारच नाही. म्हणून ॲडमिन पाच-सहा कर आणि त्यात त्या वहिनी पहिल्या. ज्या बाईने रात्री पावसात साकवावर जाऊन फोटो काढला ती तुमच्या वाडीतली सगळ्यात कामाची पत्रकार आहे, आणि ती ग्रुपवर एरवी काही लिहीत नाही ह्याचं कारण तिला बोलायचं नसतं असं नाही, साठ मेसेजच्या धबडग्यात कोण शिरणार? गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई असतील तर त्या, पाणी सोडणारा माणूस, आणि बारा महिने गावात राहणारे आणखी एक-दोघं. मुंबईचा एक असू दे, एकच.

शिवाय फोटो टाकला म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे सगळ्यांनाच समजव. वहिनींना दोष देत नाहीये मी, त्यांनी निदान टाकला तरी. पण जीवाला धोका असेल तिथे फोन करायचा, ज्याला त्या वाटेने पहाटे जायचंय त्याला आधी. पाच घरं ठरवा, एकाने दुसऱ्याला उठवायचं. पूर्वी खालच्या घरातून वरच्या घराला नुसती हाक मारली तरी पोचायची, आता शेजारी झोपलेल्या माणसाला आपण मेसेज टाकतो आणि निळी टिक आली का बघत बसतो.

गजालींच्या ग्रुपला रात्री साडेनऊला टाळं लाव. ते सेटिंग एका मिनिटात होतं, सकाळी परत उघड. तुमचं भांडण साडेअकराला कळसाला गेलं, दुपारी बाराला गेलं नसतं, रात्री माणसाला स्वतःचंच वाक्य फार हुशारीचं वाटतं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतो हे पण सगळ्यांना सांग, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना माहीत नसतं.

फॉरवर्डबद्दल मात्र मी कडक आहे. फॉरवर्डवर दोन बाण दिसले की समजायचं की तो मेसेज चिक्कार हातांतून फिरून आलाय आणि मूळ कोणाचा ते देवालाच ठाऊक. व्हॉट्सॲपने असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं 2020 मध्ये केलं, त्याआधी 2018 मध्ये भारतात पाच ठिकाणांची मर्यादा घातली, आणि ती काय उगाच नाही घातली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठार मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. म्हणून दोन बाणवाला मेसेज तुमच्या कुठल्याच ग्रुपवर नको, गुरुजींचा नको, भावाचा नको, तुझाही नको. ज्याला काही म्हणायचंय त्याने आपल्या बोटांनी दोन ओळी लिहायच्या, चुकीच्या शुद्धलेखनात लिहिल्या तरी चालतील. हा एक नियम नीट पाळलात तर निम्मा ग्रुप आपोआप गप्प होतो, अनुभव आहे.

आता गुरुजी आणि भाऊ. हे ग्रुपच्या सेटिंगने सुटणारं नाही.

आधी भावाला फोन कर. मेसेज नको आणि व्हॉइस नोट तर मुळीच नको, ती फिरते. रविवारी दुपारी जेवून पडलेला असेल तेव्हा कर. त्याच्या मतावर एक शब्द बोलायचा नाही, तुला त्याचं पटत असेल तरी आणि नसेल तरी. एवढंच म्हण: "मत तुझं तुझ्याजवळ, मी त्यात पडत नाही, पण देशद्रोही हा शब्द मागे घे. ज्यांनी तुझा हात धरून पाटीवर ग म भ न काढून घेतलं त्यांना लिहिलायस तो." तो म्हणेल गुरुजींनी आधी सुरुवात केली, म्हणेल त्यांचे फॉरवर्ड बघ, त्यात काय काय असतं. ऐकून घे. मग म्हण, फॉरवर्ड चुकीचा असला तर चुकीचा म्हण, खोटा असला तर खोटा म्हण, ते सगळं चालतं, देशद्रोह हा आरोप आहे, गुन्ह्याचा. त्याच आरोपाखाली इंग्रजांनी 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं, रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला, आणि 1 ऑगस्टला शाळेत टिळकांवरचं भाषण ह्याच गुरुजींनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं असणार. आठवत असेल त्याला, विचार.

शब्द ग्रुपवर टाकला म्हणून मागे पण ग्रुपवरच घ्यायचा, एका ओळीत, "गुरुजींना मी जो शब्द वापरला तो चुकीचा होता, मागे घेतो", बस. त्यापुढे "पण" नको. त्याखाली कोणी टाळ्या वाजवणारे आणि फुलं टाकायला लागले तर तू लगेच दुसरा विषय काढ, गॅसची गाडी कधी येणार विचार, काहीही विचार. आणि चतुर्थीला गावी आला की पहिल्या संध्याकाळी त्याने गुरुजींकडे एकट्याने जायचं. तू पण सोबत जायचं नाहीस. आरतीच्या दिवशी सगळ्यांसमोर पाया पडायला लावू नका, तो तमाशा होतो आणि गुरुजी अजून चिडतील.

गुरुजींचं पण सांगते, त्यांना वाईट वाटलं तरी. "तुला शिकवलं ते पाण्यात गेलं" हे त्याच्या बायकोने वाचलं असेल, मेव्हण्याने वाचलं असेल, चाळीस-पन्नास माणसांनी वाचलं. शिक्षकाच्या तोंडून विद्यार्थ्याला आलेला तो शब्द देशद्रोहीपेक्षा हलका नाही, मला विचारशील तर जरा जडच आहे, कारण अनोळखी माणसाला तो देता येत नाही. पण हे तू त्यांना सांगायला जाऊ नकोस, तुझं वय नाही ते. त्यांच्या बरोबरीचं कोणी असेल, भजनातला पखवाज वाजवणारा, नाहीतर त्यांच्या घरातल्या काकू, त्यांच्या कानावर घाल, ते बोलतील. बहुतेक काकू आधीच बोलल्या असतील.

तू गुरुजींकडे जा ते साकवाचं काम घेऊन. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज द्यायचाय, अर्ज त्यांच्यासारखा कोणी लिहिणार नाही. वाट कुठून कुठे जाते, किती घरं त्यावर अवलंबून, शाळेची मुलं किती, अपघात कधी झाला, वहिनींचा फोटो जोडलेला, दोन प्रती आणि पोच घ्यायची. आता साकव तात्पुरता नीट करायचा की नवीन बांधायचा ह्यावर पैसा कुठून येणार ते ठरतं. फळ्यांचं काम ग्रामपंचायत करू शकते, नवीन बांधायचा तर बऱ्याचदा जिल्हा नियोजनच्या निधीकडे बघावं लागतं, त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, म्हणजे आलं की नाही राजकारण परत? आणि 15 व्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 चे पैसे ग्रामपंचायतीला आले, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, बाकीचे 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. ते कुठे गेले हे ई-ग्रामस्वराजच्या वेबसाईटवर गावाचं नाव टाकलं की कामागणिक दिसतं. गावातल्या रेंजवर ते पान उघडता उघडता सकाळची संध्याकाळ होईल, भावाकडे भांडुपला नेट चांगलं आहे, ते काम त्याला दे. पीडीएफ काढून सूचनांच्या ग्रुपवर टाकू दे, गुरुजी अर्जात आकडे घालतील. दोघं लगेच गळ्यात गळे घालतील असं मी म्हणत नाहीये, कदाचित एकमेकांचं नावही घेणार नाहीत, तुझ्यामार्फत कागद फिरवतील. फिरवू देत.

हे सगळं करून पण गुरुजी म्हणाले की पायरी चढणार नाही, तर जबरदस्ती करू नकोस. पहिल्या घरी पेटीला कोणी शिकाऊ पोरगा बसेल, सूर जरा इकडेतिकडे जाईल, गणपती काही रागावत नाही, आणि गुरुजी दुसऱ्या घरापासून येतील. काही वर्षांनी हे पण मिटतं. मी मिटताना बघितलंय, मयताला नाहीतर लग्नाला.

गुरुजींना परत ॲड करू का विचारलंस. न विचारता करू नकोस, ती परत एक आगळीक होईल. साकवाच्या अर्जासाठी जाशील तेव्हा चहा झाल्यावर विचार, सूचनांच्या ग्रुपवर घेऊ का म्हणून. गजालींच्या ग्रुपचं नावसुद्धा काढू नकोस, त्याचा पत्ता त्यांना आपोआप लागेल.